अक्षरी रुपये

धुळ्याच्या कोर्टासमोर, कडुनिंबाखाली,
झेरॉक्सवाल्याकडून उसनी वीज घेऊन
मी बसतो. सुकलाल बागुल, टायपिंग मराठी-इंग्रजी,
पानाला पंचवीस रुपये, तिकिटाचे वेगळे.

मार्चपासून माझ्या कीबोर्डचं शून्य अडकतंय.
अब्रूमुळे.

तुळशीरामअप्पा भदाण्यांची अब्रू पाचशे कोटींची.
झुंबरशेठ ओस्तवालांची हजार,
कारण त्यांच्या वकिलाने अप्पांचा आकडा आधी पाहिला.
हजार कोटी म्हणजे एकावर दहा शून्यं.
मी दोनदा मोजली, बोट ठेवून,
तिसऱ्यांदा शेजारच्या स्टॅम्पवाल्याने.

यांचा करारही मीच टाईप केला होता:
पांझरेपलीकडचं गायरान, नव्व्याण्णव वर्षं, एकरी एक रुपया.
अप्पा म्हणाले, लिही, झुंबर माझा धाकटा भाऊ.
करारात भाऊ बसत नाही, साहेब, मी म्हणालो.
शेठ हसले. शेवभाजी मागवली, माझ्यासकट.
तिखटाने तिघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

मग तेलगिरणीचं काहीतरी बिनसलं. की तिकिटाचं.
ज्यांना माहीत आहे ते विचारलं की पावसापाण्याचं बोलतात.
साक्रीच्या सभेत अप्पा म्हणाले,
याच्या पायात चपला मी घातल्या.
दुसऱ्या दिवशी शेठ, एसी हॉलात, पत्रकारांपुढे काजू सरकवत:
तीन निवडणुकांच्या डिझेलच्या पावत्या
माझ्या तिजोरीत आहेत.
त्या रात्री गिरणीचं पाणी तुटलं.
पहाटे अप्पांच्या कॉलेजच्या बसगाड्या
शेठच्या पंपावर कोरड्या उभ्या.
पोरं परीक्षेला ट्रॅक्टरने गेली.

आणि माझ्याकडे कामच काम.
सकाळी अप्पांचे वकील, दुपारी शेठचे,
एकमेकांना टाळायला चहाच्या टपरीला वळसा घालून येतात.
खरं सांगू? मजकूर एकच आहे.
निष्कलंक चारित्र्य. समाजात मलिन झालेली प्रतिमा.
उडालेली झोप, दोघांचीही, त्याच शब्दांत.
मी नावांची अदलाबदल करतो,
मशीन एका बटणात सगळीकडे फिरवतं.

फक्त पान चौदावर एक नाव राहून गेलं.
तिथे अप्पांचा अ काना घेऊन बसला होता,
मशीनला तो माणूस वेगळा वाटला.
म्हणून अप्पांच्याच प्रतिज्ञापत्रात उमटलं:
गायरानाचे पैसे आप्पांनी खाल्ले,
हे मी शपथेवर कथन करतो.
खाली अप्पांची हिरव्या शाईतली सही. नोटरीचा गोल शिक्का.

आठ दिवस मी फोन वाजला की दचकायचो.
नवव्या दिवशी शेठच्या बाजूचा जबाब टायपिंगला आला:
पान चौदावरील मजकूर साफ खोटा असून
आम्हांस नाकबूल आहे.

रात्री बायकोला सांगितलं. ती पोटभर हसली,
मग कळण्याची भाकरी थापता थापता थांबली:
आपली अब्रू कितलानी शे हो?
मी म्हणालो, कोर्ट फी परवडायची नाही,
राहू दे.

काल दगूबाई मालचे आल्या, गिरणीतल्या.
पाणी तुटलं त्या रात्री अंधारात मशीन धुवायला लावलं होतं,
दोन बोटं गेली.
भरपाईचा अर्ज. चाळीस हजार.
चार उमटला. पुढे शून्य पडेना.
किती दाबलं. शेवटी आकड्याची जागा मोकळी सोडून लिहिलं,
अक्षरी रुपये चाळीस हजार मात्र.

वाचून दाखवा, त्या म्हणाल्या.
वाचलं.
परत.
या झाडाखाली इतक्या वर्षांत असं कुणी बसवून
वाचून घेतलं नव्हतं. मी हळू वाचत गेलो,
तारखेसकट, 'सबब विनंती की' सकट.
'डाव्या हाताची दोन बोटे' इथे त्यांनी पदरातून हात काढला,
माझ्यासमोर धरला.
उजवा, त्या म्हणाल्या.

मी खोडलं. उजवा लिहिलं.
पंचवीस रुपये त्यांनी डाव्या हाताने मोजले,
हळूहळू, एकेक नाणं.